एचआयव्हीची गोळी मोफत, पण खरी माहिती कुठे मिळणार?

सोलापूर : एचआयव्हीवरील औषध सरकारी एआरटी केंद्रात मोफत मिळते. त्याबद्दल मराठीत माहिती शोधायला गेले की मात्र आधी समोर येतात ते ‘मुळापासून बरे करू’ म्हणणारे व्हिडिओ. या आजाराबद्दल घरात बोलणे अवघड, शेजारी विचारणे त्याहून अवघड. म्हणून माणूस मोबाइललाच विचारतो. तिथे चुकीचे उत्तर मिळाले आणि गोळी बंद केली, तर काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढू लागतो. औषध वारंवार चुकले तर तेच औषध पुढे निकामी ठरू शकते.

सध्या कोणती गोळी दिली जाते?

बहुतेक प्रौढ रुग्णांना ‘टीएलडी’ ही एकच गोळी दिवसातून एकदा दिली जाते. तिच्यात टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम अशी तीन औषधे असतात. शोधताना ‘एचआयव्हीची गोळी’ असे न लिहिता बाटलीवरचे नाव लिहा. निम्मा गोंधळ तिथेच कमी होतो.

माहितीची तारीख का पाहायची?

देशात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली. तेव्हा सीडी-४ पेशी ठरावीक पातळीखाली गेल्याशिवाय औषध सुरू होत नसे. २०१७ पासून निदान होताच, सीडी-४ कितीही असो, उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. तरीही ‘सीडी-४ चांगला आहे, औषधाची घाई नको’ हा जुना सल्ला अजून फिरतो.

चक्कर, विचित्र स्वप्ने या तक्रारी प्रामुख्याने एफाव्हिरेन्झ या औषधाच्या. ते आधीच्या गोळीत होते, टीएलडीत नाही. डोल्युटेग्राव्हिरमुळे बाळात जन्मजात दोष येऊ शकतो, अशी शंका २०१८ मध्ये बोट्सवानातील अभ्यासातून पुढे आली होती. अधिक माहिती जमा झाल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गर्भधारणेच्या वयातील महिलांसह सर्वांसाठी या औषधाची शिफारस केली. शंकेची बातमी मात्र अजूनही सापडते. ती वाचून गरोदर महिलेने गोळी थांबवली, तर बाळाला लागण होण्याचा धोका वाढतो.

डॉक्टरांना काय सांगायलाच हवे?

- ॲसिडिटीचे औषध : ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेले अँटासिड घेत असाल, तर टीएलडी त्याच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावी लागते.
- लोह, कॅल्शियमच्या गोळ्या : टीएलडीसोबत घ्यायच्या असतील तर जेवणाबरोबर; उपाशीपोटी एकत्र नकोत.
- टीबी : रिफाम्पिसिन सुरू असेल तर डोल्युटेग्राव्हिरचा डोस दिवसातून दोनदा करावा लागतो. तो बदल डॉक्टरच करतात.
- मधुमेह : मेटफॉर्मिनचा डोस तपासून घ्यावा लागतो.

एचआयव्ही पूर्ण बरा होतो का?

रोजच्या वापरात असे कोणतेही औषध आज नाही. एड्स बरा करण्याचा दावा औषधावर करायला भारतीय औषध नियमांतही मनाई आहे. मात्र नियमित गोळीने विषाणू इतका दबतो की तो चाचणीत सापडत नाही, आणि अशा व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. विषाणू दबला आहे का, हे व्हायरल लोड चाचणीतून कळते. चाचणी चांगली आली म्हणून गोळी थांबवायची नसते.

विचारायचे कुठे?

सोलापुरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे ‘सिव्हिल’मध्ये, एआरटी केंद्र आहे. तिथले समुपदेशक हा पहिला आधार. घरबसल्या विचारायचे असेल तर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे. दोन औषधे एकत्र चालतात का, हे तपासण्यासाठी लिव्हरपूल विद्यापीठाचे संकेतस्थळ जगभरचे डॉक्टर वापरतात. पण ते इंग्रजीत आहे.

नाव बाहेर जाईल ही भीती असेल, तर लक्षात ठेवा : १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करता येत नाही.

खरी अडचण भाषेची आहे. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरे मोठ्या संख्येने आहेत. खोटे दावे रुग्णाच्या भाषेत बोलतात आणि खरी माहिती इंग्रजी पानांत अडकते. प्रत्येक बाटलीसोबत या तीन भाषांतले, तारीख टाकलेले एक पानी पत्रक आणि मोबाइलवर ऐकता येईल अशी ध्वनिफीत द्यायला फार मोठा खर्च नाही. औषध रुग्णापर्यंत पोहोचवणाऱ्या यंत्रणेने आता त्याची माहितीही पोहोचवायला हवी. तोवर नियम साधा : मोबाइलवर काहीही वाचा, पण केंद्रात विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका.