वायसर मिळेना, म्हणून कमोड फोडायचा?

वरळीच्या बीडीडी चाळींत शंभर वर्षं एका मजल्यावरच्या वीस खोल्यांना सामाईक संडास होते. 14 ऑगस्ट 2025 रोजी पुनर्विकासातल्या पहिल्या 556 घरांच्या चाव्या मिळाल्या, आणि 160 चौरस फुटांच्या खोलीतून 500 चौरस फुटांच्या घरात गेलेल्यांचा संडास घरात आला. त्याच्याबरोबर फ्लशची टाकीही आली. शेकडो टाक्या एकदम बसल्या, म्हणजे म्हाताऱ्याही एकदमच होणार. तोवर ते मॉडेल कंपनीने बंद केलं असेल, तर काय होईल ते वरळीतल्याच जुन्या सोसायट्यांना विचारावं. टाकी गळते, प्लंबर झाकण उचलून पाहतो आणि सांगतो, ‘याचा पार्ट येत नाही, कमोडसकट अख्खा सेट बदला.’

हा सल्ला सोयीचा असला, तरी बहुतेक वेळा चुकीचा असतो. चिनीमातीचं भांडं कित्येक दशकं टिकतं. झिजतं ते रबर. टाकीतलं पाणी बहुतेक वेळा दोनच वाटांनी जातं. बॉलकॉक नीट बंद होत नसेल, तर पाणी चढून ओव्हरफ्लोच्या नळीत पडतं. तळाचं वायसर कडक झालं असेल, तर पाणी गुपचूप कमोडमध्ये झिरपतं. टाकीत चिमूटभर नीळ टाकून अर्धा तास फ्लश केला नाही आणि कमोडातलं पाणी निळं झालं, तर दोष तळाच्या वायसरचा. मिनिटाला 200 मिलिलीटर, म्हणजे पेलाभर पाणी गळलं, तरी दिवसाला 288 लिटर जातात. माणशी 135 लिटरच्या मापाने हे दोन माणसांचं दिवसाचं पाणी झालं, तेही तानसा-भातसाहून शहरापर्यंत आणलेलं आणि शुद्ध केलेलं.

यावर आक्षेप असा, की जुनी टाकी एका फ्लशला दहा लिटर ओतते, नवी तीन किंवा सहा; मग जुनीला जपायचं कशाला? मुद्दा रास्त आहे. चौघांच्या घरात दिवसाला वीस फ्लश धरले आणि प्रत्येकी पाच लिटर वाचले, तर शंभर लिटर होतात. पण पेलाभराची गळती त्याच्या जवळजवळ तिप्पट आहे, आणि ती वायसरने थांबते. शिवाय बॉलकॉकचा फुगा खाली घेतला, तर जुनी टाकीही कमी भरते. उलट कमोड उखडताना लादी फुटते, खालचं वॉटरप्रूफिंग दुखावतं आणि गळती खालच्या घराच्या छताला लागते. भांड्यालाच तडा गेला असेल, तर मात्र बदलण्यावाचून इलाज नाही.

दुसरा आक्षेप कंपन्यांचा: प्रत्येक बंद मॉडेलचे पार्ट किती काळ ठेवायचे? सगळे ठेवायची गरजच नाही. पाणी आत घेणाऱ्या जोडाचा आटा जुन्या-नव्या टाक्यांत बहुधा अर्ध्या इंचाचाच असतो, म्हणून बॉलकॉक कुठल्याही दुकानात मिळतो. अडतं ते तळाच्या व्हॉल्व्हपाशी, कारण तिथे ज्याचं त्याचं माप. तेही ठरावीक दोन-तीन मापांत बांधून घ्यावं. केंद्राने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा मोबाइल, गाड्या, शेतीची अवजारं आणि टिकाऊ गृहोपयोगी वस्तूंची नावं पुढे आली. संडासाची टाकी कुणाला आठवली नाही. ती आठवेपर्यंत वरळीच्या नव्या सोसायट्यांनी निदान एवढं करावं: टाकीचं मॉडेल आणि व्हॉल्व्हचं माप दप्तरी नोंदवावं, आणि मॉडेल बाजारात आहे तोवर वायसरांचा डबा ऑफिसात भरून ठेवावा.