मनोरुग्णालाही शरीर असते

कुंडलिकेच्या काठी वसलेल्या धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. तेथे धोक्याच्या प्रक्रियेवर राबणाऱ्या कामगाराची ठराविक मुदतीने वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे, असा कायदा आहे आणि तो सर्वथा योग्य आहे. परंतु त्याच कामगाराच्या घरी छिन्नमनस्कतेने ग्रासलेला भाऊ असेल, तर त्याचा रक्तदाब कोण मोजतो? त्याचा खोकला महिनाभर हटला नाही, तर थुंकी कोण तपासतो? ‘त्याचे काय, तो काहीही बोलतो,’ एवढ्यावर त्याची तक्रार निकालात निघते, आणि खेदाची गोष्ट ही की, असे म्हणणारे सगळेच अशिक्षित नसतात.

तीव्र मानसिक आजाराची माणसे इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षे आधी मरतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांना मारते ते बहुधा वेड नव्हे. हृदयविकार, मधुमेह, क्षय यांसारखे तुमचे आमचेच आजार त्यांना मारतात. त्यांतच मनावरच्या काही औषधांनी वजन व रक्तातील साखर वाढते. म्हणून औषध बंद करावयाचे नसते, साखर मोजावयाची असते. पण ती मोजावयाची कोणी? मनाचा डॉक्टर शरीराकडे पाहत नाही आणि शरीराचा डॉक्टर मनोरुग्ण म्हटला की हात आखडतो.

मुळात मनाच्या डॉक्टरापर्यंत तरी किती जण पोहोचतात? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत तीव्र मनोविकाराच्या दर चार रुग्णांपैकी सुमारे तिघे उपचाराबाहेर आढळले. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. धाटावहून ते शंभर किलोमीटरांहून दूर. तेथे जावयाचे म्हणजे रुग्णासोबत घरच्या एकाची मजुरी बुडालीच. दोन खेपा होतात, तिसरी चुकते, आणि औषध सुटले की आजार उलटतो. याच रायगड जिल्ह्यात, कर्जतला, डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था रस्त्यावरच्या निराधार मनोरुग्णांना बरे करून घरी पोहोचविते. या कार्यासाठी २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला. परंतु घरी पोहोचलेल्यास गावाजवळ गोळी मिळाली नाही, तर तो पुन्हा रस्त्यावर येण्यास किती वेळ लागणार?

कायद्याची उणीव नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा शारीरिक व मानसिक रुग्णांत भेद करू नये, असे बजावतो. आवश्यक औषधे ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून मोफत मिळावीत, असेही त्यात लिहिले आहे. उणीव आहे ती अंमलबजावणीची.

आमची मागणी मोठी नाही. रोह्याच्या सरकारी रुग्णालयात महिन्यातील एक दिवस मनोरुग्णांचा म्हणून ठरावा व तो चुकू नये. त्याच खेपेत वजन, रक्तदाब, साखर व गरज पडल्यास थुंकी तपासावी, आणि महिन्याचे औषध हाती द्यावे. जो आला नाही, त्याच्या घरी आशा ताईंनी जाऊन यावे. धाटावच्या कारखानदारांनी आपल्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून रुग्णांना ने-आण करणारी एक गाडी दिली, तर ती त्यांना जड जाणार नाही. आणि घरच्यांनी एवढे करावे: आपला माणूस छातीत दुखते म्हणाला, तर ते त्याचे वेड समजू नये. दुखणे खरे आहे असे धरून त्याला दवाखान्यात न्यावे.