लहान राष्ट्राची सेना

"सैन्य" हा शब्द उच्चारतांच आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें रणगाडे, तोफा व विमानें यांच्या रांगा उभ्या राहतात. दोन राष्ट्रांच्या बळाची तुलना निघाली, कीं "कोणापाशीं किती?" हाच त्यांचा पहिला प्रश्न असतो, आणि बहुधा शेवटचाही तोच. घरीं वडील मंडळी वर्तमानपत्र हातीं घेऊन हाच हिशेब मांडीत असतात. तेव्हां एकट्या मुलांस दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. तथापि आमच्या मतें हा प्रश्न दुय्यम आहे. शस्त्र कोणाच्या हातीं आहे, तें तेथें कोणाच्या संमतीनें आलें, आणि तें केव्हां खालीं ठेवावें हें त्या हातास ठाऊक आहे कीं नाहीं, हे प्रश्न त्याच्या आधीं विचारले पाहिजेत. लहान राष्ट्रास तर ते टाळतांच येत नाहींत. कारण संख्येच्या शर्यतींत तें आरंभींच हरलेलें असतें. याचें उदाहरण म्हणून आम्ही स्वित्झर्लंडकडे पाहूं.

हा देश सुमारें ४१ हजार चौरस किलोमीटरांचा, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याहूनही लहान. लोकसंख्या सुमारें ९० लाख, राष्ट्रभाषा चार, कॅन्टन नांवाचे स्वायत्त प्रांत २६, आणि सभोंवार जर्मनी, फ्रान्स, इटली यांसारखे बलाढ्य शेजारी. अशा देशानें मोठी खडी फौज बाळगली असेल असें कोणासही वाटावें. परंतु त्याच्या १८४८ च्या राज्यघटनेनें मध्यवर्ती सरकारास खडी फौज ठेवण्याचा अधिकारच नाकारला. सांप्रतची घटनाही सांगते, कीं सेना मूलतः नागरिकांची असावी. मग देशाचें रक्षण करितो कोण? शेतकरी, सुतार, घड्याळजी, पेढीवरील कारकून आणि आमच्यासारखे शाळामास्तर!

त्यांची व्यवस्था अशी आहे. प्रत्येक स्विस पुरुषावर संरक्षणसेवेचें बंधन असतें; स्त्रिया स्वेच्छेनें येऊं शकतात, व आज सैन्याचें कोणतेंही खातें त्यांस बंद नाहीं. तरुण शिपाई प्रथम १८ आठवडे शिक्षण घेतो व आपल्या धंद्यावर परत जातो. पुढें कांहीं वर्षें दरसाल सुमारें तीन आठवडे तो उजळणीसाठीं येतो. अशा सहा उजळण्या झाल्या व एकंदर २४५ दिवस भरले, कीं त्याचें शिक्षण पुरें झालें. कायम नोकरीचे सैनिक फार थोडे. बहुतेक अधिकारीही वर्षभर आपापला धंदा करणारेच. जो ही सेवा करीत नाहीं, त्यास मिळकतीच्या शेंकडा ३ कर द्यावा लागतो. ज्याची सदसद्विवेकबुद्धि शस्त्र धरूं देत नाहीं, त्यास १९९६ पासून दीडपट मुदतीची नागरी सेवा करितां येते. त्यापूर्वीं मात्र त्याच्या वांट्यास तुरुंग येई. शांततेच्या काळीं त्या सैन्यांत "जनरल" ही पदवी कोणासही नसते. संकट आलें म्हणजे लोकांचे प्रतिनिधि जनरल निवडतात. १८४७ पासून आजवर असे अवघे चौघे झाले: डुफूर, हर्झोग, विले व गिझां.

आतां साहित्याकडे वळूं. शिपायाचा गणवेष व बंदूक त्याच्या घरीं, कपाटांत असते. सुटीच्या दिवशीं खांद्यास बंदूक अडकवून आगगाडीची वाट पाहणारा तरुण तेथें कोणास नवल वाटत नाहीं. पूर्वीं काडतुसांचा सीलबंद डबाही घरींच असे. २००७ सालीं तो परत घेण्याचें ठरलें. घरांतील बंदुकीमुळें अनर्थ घडतात, म्हणून ती शस्त्रागारांत ठेवावी, असा प्रस्ताव २०११ सालीं लोकमतास टाकला होता; तो नामंजूर झाला. शिपायाचा प्रसिद्ध चाकू १८९१ सालचा. डब्यांतील अन्न उघडणें व नव्या बंदुकीचे स्क्रू सैल करणें, हीं दोन्ही कामें एकाच हत्यारानें व्हावीं एवढाच त्याचा हेतु होता. सायकलस्वारांची पथकें २००३ पर्यंत होतीं, व त्यांची १९०५ च्या नमुन्याची सायकल सुमारें नव्वद वर्षें चालली. दुसऱ्या महायुद्धांत जनरल गिझां यांनीं सैन्याचा मुख्य भाग आल्प्स पर्वताच्या पोटांत नेला. गोटहार्डच्या परिसरांतील किल्ले खडकांत कोरलेले होते. जें आहे तें जपून वापरावें, आणि देशाच्या भूमीस जें साजेल तेंच घ्यावें, ही या सामग्रीमागील रीत आम्हांस विमानांच्या संख्येहून अधिक बोधप्रद वाटते.

विमानें त्यांसही लागतात. परंतु तीं घ्यावीं कीं नाहीं हें जनता सांगते. २०१४ सालीं नव्या लढाऊ विमानांचा खर्च मतदारांनीं फेंटाळला. २०२० सालीं सहा अब्ज फ्रँकांपर्यंतचा खर्च मंजूर झाला तो शेंकडा ५०.१ मतांनीं, म्हणजे नऊ हजारांहूनही कमी मताधिक्यानें. याहूनही मोठा प्रश्न १९८९ सालीं विचारला गेला: सैन्यच असूं नये काय? शेंकडा ३५ हून अधिक मतदारांनीं "असूं नये" असें उत्तर दिलें. सैन्य राहिलें, पण आपल्या असण्याविषयींचा प्रश्न त्यास ऐकून घ्यावा लागला. ज्या सैन्यास असा प्रश्न विचारतां येतो, तें आमच्या मतें दुबळें नव्हे. तेंच खऱ्या अर्थानें लोकांचें होय.

येथें कोणी म्हणेल, कीं हें सारें पर्वतांच्या आश्रयानें चाललें आहे. पर्वतांचें साह्य आम्हांस मान्य आहे. परंतु पर्वत शत्रूस अडवितात. भाऊबंदकी अडवीत नाहींत. १८४७ सालीं या देशांत सात कॅथॉलिक कॅन्टन एका बाजूस व उरलेल्यांपैकीं बहुतेक दुसऱ्या बाजूस, असें युद्ध पेटलें. एकाच प्रभूचें नांव घेणारे एकमेकांवर तोफा रोखून उभे राहिले, हें आम्हां ख्रिस्ती लोकांस लाजेनें मान खालीं घालूनच सांगावें लागतें. संघाच्या सैन्याचा सेनापति डुफूर स्वतः प्रॉटेस्टंट होता. त्यानें शिपायांस बजावलें, कीं निःशस्त्रांस हात लावूं नका, स्त्रिया, मुलें व वृद्ध यांस त्रास देऊं नका, जखमी शत्रूची आपल्या माणसांप्रमाणें शुश्रूषा करा. युद्ध महिन्याच्या आंत संपलें. दोन्ही पक्षांचे मिळून सुमारें शंभर लोक मेले. पुढल्याच वर्षीं सर्वांची मिळून नवी राज्यघटना झाली. हाच डुफूर १८६३ सालीं जिनेव्हांत रेडक्रॉसच्या आद्य समितीचा अध्यक्ष झाला, व १८६४ चा जिनेव्हा करार ज्या परिषदेंत झाला तिचेंही अध्यक्षपद त्यानेंच भूषविलें. आमच्या शाळांतून ज्या मुली व मुलगे ज्यूनियर रेडक्रॉसचा बिल्ला लावितात, त्यांनीं ध्यानांत ठेवावें, कीं त्यावरील चिन्ह म्हणजे स्विस ध्वजाचेच रंग उलटे केलेले आहेत.

१८७१ च्या फेब्रुवारींत या शिकवणीची परीक्षा झाली. जर्मनांकडून पराभूत झालेले सुमारें ८७ हजार फ्रेंच सैनिक बर्फांतून कुडकुडत सरहद्दीवर आले. स्विस सैन्यानें त्यांचीं शस्त्रें उतरून घेतलीं व त्यांस देशांत घेतलें. तेव्हां त्या देशाची लोकवस्ती २७ लाखांच्या आंतच होती; तरी गांवोगांव त्यांची वांटणी होऊन लोकांनीं त्यांस अन्न, वस्त्र व निवारा दिला.

परंतु एकाच बाजूनें बोलणें शिक्षकास शोभत नाहीं. शतकानुशतकें याच देशाचे तरुण परक्या राजांच्या पदरीं भाड्यानें लढत होते. १८५९ च्या कायद्यानें ती प्रथा बंद करावी लागली. घरांत बंदूक होती, पण १९७१ पर्यंत त्याच घरांतील आईस देशाच्या निवडणुकींत मत नव्हतें. आणि सर्वांत मोठा डाग दुसऱ्या महायुद्धांतील. ज्या सरहद्दीनें १८७१ त फ्रेंचांस आंत घेतलें, तिनेंच हजारों ज्यू निर्वासितांस माघारीं लोटलें. त्यांच्या पासपोर्टांवर वेगळें अक्षर उमटविण्याचा ठराव १९३८ सालीं जर्मनीशीं झाला होता. त्याबद्दल १९९५ सालीं देशाच्या अध्यक्षांनीं क्षमा मागितली. शिस्त, किल्ले, अचूक नेम, हें सर्व त्या काळींही होतें; दारीं आलेल्यास ओळखण्याचें धैर्य तेवढें कमी पडलें. व्यवस्था कितीही उत्तम असो, ती मनुष्याच्या अंतःकरणाचें काम करीत नाहीं.

आपला देश विशाल आहे, आपलें सैन्य स्वेच्छेनें भरती होणाऱ्यांचें आहे. तेव्हां स्विस पद्धति उचलून येथें आणावी असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु मुलांचें मन घडविणें सर्वत्र सारखेंच. पालकांस आमची विनंति, कीं सायंकाळीं युद्धाच्या वार्ता निघाल्या म्हणजे मुलांपुढें केवळ तोफांची बेरीज मांडूं नये. तो शिपाई कोणाचा मुलगा, त्याचा खर्च कोण देतो, व जखमी शत्रूशीं तो कसा वागेल, हेंही त्यांस विचारावें. आणि एन. सी. सी. चा गणवेष चढविणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं बुटांस चकाकी आणतांना डुफूरचा तो हुकूम आठवावा. बूट कोणीही चकाकवूं शकतो. विजयाच्या क्षणीं उगारलेला हात आवरण्यास मात्र शिक्षण लागतें, आणि तें कवायतीच्या मैदानावर नव्हे, तर वर्गांत दुबळ्या सोबत्याशीं आपण कसे वागतों येथूनच सुरू होतें.