मोआ पक्षी व ज्ञानदान

विद्याधन दिल्यानें वाढतें, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु परीक्षा जवळ आली कीं आपली टिपणवही शेजाऱ्याच्या दृष्टीस पडूं नये म्हणून जपणारे विद्यार्थीही आपल्यांतच असतात. अशा विद्यार्थिबंधुभगिनींपुढें एका नष्ट झालेल्या पक्ष्याची हकीकत ठेवावी, असें मला वाटतें.

न्यूझीलंडच्या बेटांत पूर्वीं मोआ नांवाचे पक्षी राहत असत. त्यांस पंख मुळींच नव्हते. त्यांच्या नऊ जाती आज मानल्या जातात. पैकीं सर्वांत मोठ्या पक्ष्याची मादी मान उंच केली असतां सुमारें १२ फूट भरे, व तिचें वजन २०० किलोहून अधिक असे. इ. स. १३०० च्या सुमारास माओरी लोक त्या बेटांत आले आणि शिकारीमुळें दीड-दोनशें वर्षांतच हे पक्षी नामशेष झाले. मागें उरलीं तीं त्यांचीं हाडें, आणि माओरींच्या तोंडीं त्यांचें नांव.

१८३९ सालीं जॉन रूल नांवाच्या शस्त्रवैद्यानें हाडाचा एक तुकडा लंडन येथें रिचर्ड ओवेन या शरीरशास्त्रज्ञाकडे आणला. तुकडा अवघा सहा इंच लांब, दोन्ही टोकें तुटलेलीं. प्रथमदर्शनीं तो बैलाच्या हाडासारखा दिसला. परंतु अनेक प्राण्यांच्या हाडांशीं ताडून पाहतां तो पक्ष्याचाच असावा, असें ओवेन यांस दिसून आलें. न्यूझीलंडमध्यें शहामृगासारखा एक प्रचंड पक्षी होता, असें त्यांनीं त्याच वर्षीं तेथील प्राणिशास्त्र मंडळापुढें सांगितलें. एवढ्याशा पुराव्यावर एवढें विधान! पुष्कळांस तें पटलें नाहीं. ओवेन यांनीं आपल्या निबंधाच्या प्रती न्यूझीलंडमध्यें धाडल्या. इकडे विल्यम विल्यम्स या मिशनरी गृहस्थांनीं माओरी लोकांकडून हाडें मिळवून इंग्लंडला पाठविलीं. तीं १८४३ सालीं ओवेन यांच्या हातीं आलीं, आणि तर्क खरा ठरला. पुढें चाळीस वर्षें ओवेन या पक्ष्यांवर लिहीत राहिले.

येथें कोणी म्हणेल, "आपण ज्ञान वांटावें आणि कीर्ति दुसऱ्यानें न्यावी, हा कोणता न्याय?" आक्षेप खोटा नाहीं. विल्यम कोलेन्सो या मिशनरी मुद्रकानें न्यूझीलंडमध्येंच राहून १८४२ सालीं मोआवर स्वतंत्र निबंध लिहिला होता. तरी नांव झालें तें मुख्यतः ओवेन यांचें. ज्या माओरींनीं हाडें दाखविलीं, त्यांचीं नांवें तर फारशीं कोणास ठाऊकही नाहींत. ज्याचें श्रेय त्यास दिलेंच पाहिजे. परंतु अन्यायाच्या भयानें ज्ञान कोंडून ठेवणें हा त्यावर उपाय नव्हे. रूल यांनीं तो तुकडा पेटींतच ठेवला असता, तर तो केवळ एक हाडाचा तुकडा राहिला असता.

शिवाय वांटलेल्या ज्ञानाचें फळ केव्हां येईल, याचा नेम नसतो. ख्राइस्टचर्च येथील संग्रहालयाचे यूलियस फॉन हास्ट यांनीं मोआचे सांगाडे परदेशच्या संग्रहालयांस देऊन त्यांच्या बदल्यांत तिकडील वस्तु मिळविल्या. जुन्या हाडांतील डी.एन.ए. तपासून २००३ सालीं संशोधकांनीं दाखविलें कीं, लहान व मोठीं म्हणून निरनिराळ्या जातींचीं समजलीं गेलेलीं कांहीं हाडें वस्तुतः एकाच जातीच्या नर-माद्यांचीं आहेत. पूर्वजांनीं हाडें जपून इतरांच्या हवालीं केलीं नसतीं, तर ही चूक कशी उमगली असती?

ही दूर देशाची गोष्ट आहे, असें समजूं नका. आपल्या जळगांव जिल्ह्यांत पाटणे येथें उत्खननांत शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे सांपडले. त्यांपैकीं एकावर मनुष्यानें कोरलेली नक्षी आहे. हजारों वर्षांपूर्वीं शहामृग आपल्या भूमीवर होता, ही गोष्ट त्या कवड्यांएवढ्या तुकड्यांनीं सांगितली. उद्यां शेतांत वा ओढ्याच्या कांठीं एखादी चमत्कारिक वस्तु तुम्हांस दिसली, तर ती कोठें दिसली तें टिपून ठेवा आणि जाणत्या मनुष्यास कळवा. आणि तोंवर, शेजाऱ्यानें टिपणवही मागितली तर ती आनंदानें पुढें करा.