मेंढ्याचं शिंग

पतसंस्थेच्या रौप्यमहोत्सवाची पत्रिका आली. सूनबाई म्हणाली, "मामा, आमच्यात बेळ्ळी हब्ब, तुमच्यात रौप्यमहोत्सव. मग हे ज्युबिली कुठलं?"

मूळ हिब्रू, मी म्हटलं. 'योबेल' म्हणजे मेंढ्याचं शिंग. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे पन्नासाव्या वर्षी ते फुंकायचं, गुलाम मोकळे करायचे, विकलेली वडिलार्जित जमीन मूळ घराला परत द्यायची. राजाचा त्यात संबंधच नव्हता! तो पुढे आला. इंग्लंडात तिसऱ्या जॉर्जचा सोहळा १८०९ चा.

व्हिक्टोरिया राणीचा हीरकमहोत्सव १८९७ चा. त्या साली पुण्यात प्लेग, मुंबई इलाख्यात दुष्काळ, आणि गणेशखिंडीत गव्हर्नरच्या बंगल्यावर मेजवानी. २२ जूनच्या रात्री तिथून परतणाऱ्या रँडवर चापेकरांनी गोळी झाडली. प्रजेच्या घरात सुतक असताना रोषणाई कुणाला गोड लागणार?

बडोद्याच्या सयाजीरावांनी मात्र १९३६ साली आपल्या हीरकमहोत्सवात खेड्यांच्या सुधारणेसाठी एक कोटी रुपयांचा निधी काढला. थाटमाट तिथंही झालाच, पण मला आठवतो तो निधी.

"मग आपली पतसंस्था थकलेलं व्याज सोडणार का हो?" सूनबाईने विचारलं. मी पत्रिका पुन्हा चाळली. प्रत्येक सभासदाला स्टीलचा डबा होता.