'पिकले पान' ही सबब चालणार नाही



उन्हाळ्यात वस्तीतील एखादा वृद्ध दगावला, की सांत्वनास येणारा जो तो एकच वाक्य उच्चारतो : "पिकले पान, गळायचेच." हे वाक्य आपल्या भाषेत इतके मुरले आहे, की त्याच्याआड कोणाची तरी जबाबदारी दडविली जात असेल अशी शंकाही कोणास येत नाही. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप या वाक्यालाच आहे. पान पिकले म्हणून गळाले, की खाली आग लागली होती म्हणून करपून पडले, याची चौकशी केल्यावाचून निकाल देणे कोणत्याही न्यायासनासमोर चालत नाही. मग ते स्मशानात तरी का चालावे?

प्रथम वैद्यकाची साक्ष घेऊ. मनुष्याचे शरीर सुमारे 37 अंशांवर चालते. बाहेर ऊन वाढले की रक्त कातडीकडे धावते, घाम सुटतो, तो वाळतो आणि शरीर निवते. उतारवयात ही सारी यंत्रणा मंदावते. घाम कमी येतो. तहान लागली आहे हेच नीट समजत नाही. कातडीकडे रक्त लोटण्यासाठी जो जादा भार हृदयास उचलावा लागतो, तो थकल्या हृदयास पेलत नाही. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू असेल, तर अंगातील पाणी आणखी आटते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. शरीराचे तापमान 40 अंशांच्या वर गेले आणि माणूस असंबद्ध बरळू लागला, की तो उष्माघात समजावा. त्या घडीला त्याचे अंग थंड करणे हाच उपचार, आणि तो तत्काळ. घरचे लोक मात्र 'म्हातारा भ्रमला' म्हणून त्याला निजवून ठेवतात!

तरुण मजूर रस्त्यावर कोसळतो तेव्हा चार लोक जमतात, पोलीस येतात, नोंद होते. वृद्ध माणूस घरात, खाटेवर, बहुधा रात्री जातो. पत्र्याच्या छपराखालची खोली दिवसभर तापते आणि मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता सोडत राहते. पंखा असला तरी हवाच चाळिशीच्या पुढे गेल्यावर तो गरम वारा अंगावर घालण्यापलीकडे फारसे काही करीत नाही. अशा तीन-चार रात्री शरीराला निवायला उसंत मिळाली नाही, की हृदय थांबते. दाखल्यावर काय लिहिले जाते? हृदयक्रिया बंद पडून मृत्यू. अथवा नुसते 'वार्धक्य'. वेधशाळेचे कोष्टकही येथे उपयोगी पडत नाही. मैदानी प्रदेशात 40 आणि किनारपट्टीवर 37 अंशांचा आकडा गाठल्याखेरीज सामान्यतः उष्णतेच्या लाटेचा विचार होत नाही, आणि हा आकडा मोकळ्या हवेतील, सावलीतल्या मापकाचा असतो. पत्र्याखालच्या खोलीत मापक लावण्यास कोण गेले आहे?

आमच्या या म्हणण्यास पुरावा हवा असेल तर अहमदाबादकडे पाहावे. 2010 सालच्या मे महिन्यात त्या शहरात पारा 46.8 अंशांवर गेला. पुढे संशोधकांनी त्या महिन्यातील एकूण मृत्यूंची इतर वर्षांशी तुलना केली, तेव्हा 1,344 मृत्यू अधिक झाल्याचे आढळले. ही माणसे उन्हाने गेली हे त्यांच्या दाखल्यांवरून कळले नाही, बेरीज-वजाबाकीवरून कळले. 2013 साली त्या महानगरपालिकेने उष्णतेविरुद्धचा आराखडा केला, तो या हिशेबानंतर. आपल्या देशात 2020 साली नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी अवघ्या 22.5 टक्क्यांचे कारण वैद्यकीय रीतीने प्रमाणित झाले होते. उरलेले कशाने गेले हे शासनास ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही ते घडलेच नाही असे मानण्याची शासनाची रीत जुनीच आहे.

हा केवळ आपल्या दारिद्र्याचा दोष आहे असेही समजू नका. 1995 च्या जुलैत शिकागो शहरात सातशेहून अधिक माणसे उन्हाने मेली. त्यांत वृद्ध, गरीब आणि एकाकी राहणाऱ्यांचा भरणा होता. 2003 च्या ऑगस्टमध्ये एकट्या फ्रान्समध्ये सुमारे 15,000 लोक गेले, बहुतेक पंचाहत्तरीपुढचे. परंतु फ्रान्सने पुढल्याच वर्षी कायदा करून प्रत्येक गावच्या महापौरावर, नाव नोंदवू इच्छिणाऱ्या वृद्ध व एकाकी नागरिकांचे नोंदपुस्तक ठेवण्याचे बंधन घातले, जेणेकरून संकटकाळी त्यांच्या दारी कोणी तरी जाईल. तेथेही 'पिकले पान' म्हणणारे असतीलच. कायद्याने त्यांचे ऐकले नाही.

आता आपला कायदा पाहू. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातील 'आपत्ती'ची व्याख्या इतकी व्यापक आहे, की उष्णतेची लाट तीत सहज बसते. अडचण आहे ती मदतनिधीच्या यादीत. 2012 साली त्या यादीत थंडीच्या लाटेचा समावेश झाला. उष्णतेची लाट बाहेरच राहिली. 2021 ते 2026 या काळासाठी बसलेल्या पंधराव्या वित्त आयोगाने यादी वाढविण्याचे कारण दिसत नाही असा अभिप्राय दिला. म्हणजे काकडून मेलेल्याच्या वारसास राष्ट्रीय निकषाने चार लाख रुपये, आणि होरपळून मेलेल्याचा वारस राज्याच्या मर्जीवर! मूळ कायद्याचे 12 वे कलम विधवा व अनाथांसाठी खास तरतुदी करावयास सांगते. वृद्धांचे नाव तेथे नाही. याच कलमाखालील सानुग्रह साहाय्याची शिफारस हे प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, खुशीचा मामला नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 30 जून 2021 रोजी कोविडच्या प्रकरणात बजावले होते. ते तत्त्व उन्हाच्या बळींना का लागू नसावे?

2007 चा ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा मुलांच्या कर्तव्यावर फार बोलतो. मुलाने पोसावे हे योग्यच. पण जो मुलगा स्वतः त्याच पत्र्याखाली राहतो, त्याच्यावर फिर्याद करून आईची खोली थंड होत नाही. संविधानाचे 41 वे कलम वार्धक्यात सार्वजनिक साहाय्याचा हक्क सांगते; ते निदेशक तत्त्वांत असल्याने न्यायालयातून बजावता येत नाही, असे उत्तर मिळते. तेव्हा 21 व्या कलमाकडे वळावे. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क 14 व 21 या कलमांत अंतर्भूत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 च्या मार्चमध्ये सांगितले. प्रकरण होते माळढोक पक्ष्याचे. पक्ष्याच्या निमित्ताने माणसाला हक्क मिळाला, तर तो माणसाने वापरावयास नको काय?

ऊन बाधते हे शासनास कळत नाही असेही नाही. न्यायालयांस मे महिन्यात सुट्टी असते. खालच्या न्यायालयांत उन्हाळ्यापुरती काळ्या कोटाची सक्ती आम्हां वकिलांवर नाही. न्यायाधीश आणि वकील यांच्या कातडीची काळजी नियमांत लिहून ठेवणाऱ्या व्यवस्थेला निराधार वेतनाच्या रांगेत भर दुपारी उभी असलेली म्हातारी दिसू नये, हे आश्चर्य आहे.

आणि पाणी. उन्हाळ्यात नळ आटतात, टँकर येतो. त्यामागे हंडा घेऊन धावणे सत्तरीच्या माणसास शक्य नाही. ज्याच्या घरी भरणारे कोणी नाही तो पाणी जपून पितो. जपून पितो म्हणून मरतो. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या तळ्यावर ज्या समाजाने पाण्याचा हक्क बजावला, त्याच्या वृद्धांनी आज घोटभर पाणी पुरवून पुरवून प्यावे काय? टँकरचे पाणी आधी एकट्या वृद्धांच्या दारी गेले पाहिजे, ही मागणी प्रत्येक वस्तीने लेखी करावी, तीवर पोहोच घ्यावी आणि ती पोहोच जपून ठेवावी. उद्या न्यायालयात तोच कागद बोलेल. घरात वृद्ध दगावला तर त्या दिवशीचे तापमान, चालू असलेल्या गोळ्या, शेवटच्या दोन दिवसांतील लक्षणे हे सारे डॉक्टरांस सांगून दाखल्यावर खरे कारण लिहिण्याचा आग्रह धरावा.

शासनाकडे बोट दाखविताना आपल्या मंडळांनाही सोडून चालणार नाही. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर सरकारी पुरस्कार-सोहळ्यास जमलेल्या श्रोत्यांपैकी 14 जण उन्हाने गेले. मंच सावलीत होता, माणसे उन्हात. आपली 14 एप्रिलही त्याच उन्हात येते. निळी टोपी घालून पहाटेपासून तयार बसलेल्या आजोबांना 'तुम्ही घरी थांबा' म्हणणे हा त्यांचा अपमान होईल. म्हणून मिरवणूक दुपारी बारा ते चार थांबवावी, सूर्य कलल्यावर काढावी, वृद्धांसाठी मंडप, पाणी आणि वाहन यांचा खर्च वर्गणीतून आधी बाजूला ठेवावा, आणि ध्वनिक्षेपकाचा खर्च त्यानंतर धरावा. ज्या मंडळांची बैठक अद्याप व्हावयाची आहे, त्यांनी हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर पहिला घ्यावा.