फेफऱ्याचे मूळ भाजीच्या वाफ्यात

डुकराचे मांस खाणाऱ्याच्याच मेंदूत जंत होतात, ही समजूत खोटी आहे. अर्धेकच्चे मांस खाल्ल्याने आतड्यात पट्टकृमी वाढतो. मेंदूतील गाठी मात्र अशा रोग्याच्या विष्ठेतील अंडी अन्नपाण्यातून पोटात गेल्याने होतात. म्हणूनच गळ्यात माळ असलेल्या शाकाहाऱ्यासही फेफरे येऊ शकते.

फेफरे आल्यास कांदा हुंगवीत बसू नये, देवऋषी तर नकोच. डॉक्टर सीटी स्कॅन किंवा एमआरआय करून गाठ पाहतात. क्षयाची गाठही पुष्कळशी तशीच दिसते. तेव्हा निदान त्यांच्यावरच सोपवावे. जंताची गोळी म्हणून अल्बेंडाझोल परस्पर देणे घातक आहे, कारण अळी मरताना मेंदूस सूज येते. डॉक्टर सूज आवरणाऱ्या औषधासह ती देतात. फेफऱ्याचे औषधही त्यांच्या सांगण्यावाचून बंद करू नये.

परंतु हा रोग दवाखान्याआधी शेतात अडविला पाहिजे. शीळफाट्यावर कल्याणचा रस्ता मुंब्रा-पनवेल मार्गास मिळतो. अशा वाढत्या वस्तीजवळ सांडपाणी फुकट मिळते, आणि मोह तेथेच होतो. कोथिंबीर, मुळा, मेथी यांना ते पाणी कदापि देऊ नये. सोनखत घालावयाचे तर ढीग आतून चांगला तापून पुरता कुजल्यावरच. भाजी टवटवीत दिसावी म्हणून जुडी नाल्यात बुचकळणे हे तर सर्वांत वाईट. ग्रामसेवकांनी पिकावरील किडीइतकेच शेतमजुरांच्या शौचालयाकडेही लक्ष द्यावे.